लेनर्ड-जोन्सचा क्रिटिकल पॉइंट १.०८, १.१९ की १.३१? फ्री रेफरन्सवरचा आकडा वाचायचा कसा

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे, प्रोजेक्टसाठी तिने लॅम्प्समध्ये (रेणूंच्या सिम्युलेशनचं फ्री सॉफ्टवेअर) लेनर्ड-जोन्स कणांचं, म्हणजे फार जवळ आले की ढकलणाऱ्या आणि जरा दूर असले की ओढणाऱ्या साध्या कणांचं, सिम्युलेशन केलंय, कटऑफ (ज्या अंतरापलीकडे ही ओढ धरायचीच नाही) २.५ सिग्मा (सिग्मा म्हणजे साधारण कणाचा व्यास), लांबट बॉक्समध्ये मधे द्रव आणि दोन्ही बाजूंना वाफ ठेवून दोघांच्या घनता मोजल्या आणि त्यावरून क्रिटिकल टेम्परेचर (ज्याच्या वर द्रव आणि वाफ असा फरकच राहत नाही) काढलं तर १.०८ आलं. मग स्क्लॉगविकीवर (ह्याच विषयाचा ऑनलाइन मोकळा विश्वकोश) बघितलं तर तिथे १.३१ च्या आसपासचे आकडे. गाइड म्हणतात नेटवर कोणीही काहीही लिहितं, त्यावर जाऊ नको. वर्गातला मित्र म्हणतो तुझा कोडच गंडलाय. तर थर्मो आणि स्टॅटमेकसाठी (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) असले फ्री रेफरन्स वापरावेत का, यात चुकलंय कोण, आणि त्या विकीत आपण स्वतः भर घालायची का?

कोणीच चुकलेलं नाही. तुझा १.०८ बरोबर आहे, तिथला १.३१ पण बरोबर आहे, आणि उद्या तू हेच काम माँटे कार्लोने (कण यादृच्छिकपणे हलवून बघायची पद्धत) केलंस, तोच २.५ चा कटऑफ ठेवलास, तर १.१९ येईल आणि तोही बरोबरच असेल. तीन आकडे आहेत कारण तीन वेगवेगळे पदार्थ आहेत, नाव मात्र सगळ्यांचं लेनर्ड-जोन्स. मी वीसेक वर्षं हे सिम्युलेशनचं काम करतोय आणि दरवर्षी कोणीतरी ह्याच जागी अडकून दोन-तीन महिने घालवतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोटेन्शियल, म्हणजे दोन कणांमधल्या ऊर्जेचं सूत्र, तुला पाठ असेल. दोन कणांमधलं अंतर सिग्मा असताना ऊर्जा शून्य, १.१२२ सिग्मावर सगळ्यात खोल म्हणजे बरोबर उणे एक एप्सिलॉन (एप्सिलॉन म्हणजे ह्या खड्ड्याची खोली), आणि मग हळूहळू शून्याकडे जाणारी शेपटी. ही शेपटी कुठेच संपत नाही, पण कॉम्प्युटरवर आपण कुठेतरी कापतो. २.५ सिग्मावर कापलं तर त्या ठिकाणी ऊर्जा असते उणे ०.०१६३ एप्सिलॉन, म्हणजे खोलीच्या दीड-पावणेदोन टक्के. बघायला गेलं तर काहीच नाही. पण कण एकटा नसतो ना, अंतर वाढेल तसे शेजारी अंतराच्या वर्गाने वाढत जातात, त्यामुळे एकेक जोडी किरकोळ असली तरी सगळ्यांची बेरीज किरकोळ राहत नाही. दाट द्रवात, घनता ०.८४४ धर, २.५ च्या पलीकडे आपण जे सोडून दिलं त्याची बेरीज प्रत्येक कणामागे उणे ०.४५ एप्सिलॉन येते. द्रवाची एकूण पोटेन्शियल ऊर्जा तिथे कणामागे उणे सहाच्या घरात असते. म्हणजे सात-आठ टक्के आकर्षण आपण कात्रीने कापून टाकलं. आणि द्रव द्रव राहतो तो आकर्षणामुळे, ते कमी केलं की कमी तापमानालाच द्रव आणि वाफ यांच्यातला फरक पुसला जाणार, क्रिटिकल टेम्परेचर खाली येणार. दाबाचं तर अजून वाईट, त्याच घनतेला शेपटीचा वाटा उणे ०.७६ च्या आसपास आहे (रिड्यूस्ड युनिटमध्ये, म्हणजे सिग्मा आणि एप्सिलॉन एक धरून), आणि ट्रिपल पॉइंटजवळच्या (जिथे घन, द्रव, वाफ तिन्ही एकत्र राहतात) द्रवाचा मूळ दाबच शून्याच्या आसपास असतो, तिथे ०.७६ म्हणजे सगळं चित्रच बदलतं.

आता तीन प्रकार कसे होतात बघ. पहिला, शेपटी कापायची पण नंतर तिचा वाटा हिशोबाने परत मिळवायचा, ह्याला टेल करेक्शन म्हणतात, असं केलं की तू पूर्ण लेनर्ड-जोन्सच्या जवळ जातेस आणि १.३१-१.३२ मिळतं. दुसरा, २.५ वर कापायचं आणि शिवाय सगळा आलेख ०.०१६३ ने वर उचलायचा म्हणजे कटऑफवर ऊर्जा नेमकी शून्य होईल, ह्याला ट्रंकेटेड अँड शिफ्टेड म्हणतात, ह्याचं क्रिटिकल टेम्परेचर १.०८५. स्मिट यांनी १९९२ मध्ये हे दोन्ही एकाच पेपरात शेजारी शेजारी दिलेत, आणि तो पेपर तू काढून वाचच. तिसरा प्रकार, नुसतं कापायचं, उचलायचं नाही, टेल करेक्शन पण नाही. त्याचा आकडा विल्डिंग यांनी १९९५ मध्ये माँटे कार्लोने फार काळजीपूर्वक काढला, १.१८७६.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला स्वतःला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत नीट उमगली नव्हती. तू म्हणशील मी तर इनपुट फाईलमध्ये शिफ्ट लावलाच नाही, लॅम्प्सच्या एलजे-कट ह्या आज्ञेत डिफॉल्टला शिफ्ट नसतो आणि टेल पण नसते, मग माझं उत्तर १.१९ यायला पाहिजे, १.०८ का आलं? कारण मॉलिक्युलर डायनॅमिक्स (एमडी, म्हणजे लॅम्प्समधली तुझी पद्धत) ऊर्जा बघतच नाही, ते बल बघतं. बल म्हणजे ऊर्जेचा उतार. आलेख सगळाच्या सगळा वर उचलला तरी उतार तोच राहतो, त्यामुळे शिफ्ट लाव किंवा लावू नको, कण हलतात ते अगदी तसेच. आणि नुसतं कापलेल्या पोटेन्शियलमध्ये कटऑफवर जी पायरी आहे, तिथे खरं म्हणजे एक अनंत उंचीचा क्षणिक धक्का बसायला पाहिजे, तो कोड देत नाही, पायरी ओलांडताना कणाला काही कळतच नाही. म्हणजे तू नाव काहीही दे, एमडी मध्ये तुझे कण शिफ्टेड पोटेन्शियलवरच जगतायत. माँटे कार्लोमध्ये उलट आहे, तिथे हलवायचं की नाही हे ऊर्जेच्या फरकावर ठरतं आणि पायरी ओलांडली की ०.०१६३ चा फरक हिशोबात येतो, म्हणून तिथे १.१९. कटऑफ एक, पोटेन्शियल कागदावर एक, पण पद्धत बदलली की पदार्थ बदलला. माँटे कार्लोमध्ये दाब काढताना त्या पायरीचा वाटा वेगळा धरावा लागतो हे पण ह्यातूनच येतं, आणि तो बहुतेक जण विसरतात.

(अजून एक गोंधळ ह्यातच लपलाय. लॅम्प्स तुला जी पोटेन्शियल ऊर्जा छापून देतं ती शिफ्ट न केलेली असते, हालचाल मात्र शिफ्टेडची. ०.८ घनतेला २.५ च्या आत बावन्न-त्रेपन्न शेजारी येतात, निम्म्या जोड्या एका कणाच्या वाट्याला, गुणिले ०.०१६३, म्हणजे कणामागे साधारण ०.४३ चा फरक. ऊर्जा कुणाच्या टेबलशी जुळवायला घेतलीस की हा ०.४३ समोर येणारच, तेव्हा घाबरू नको.)

आता स्क्लॉगविकीबद्दल. नाव कुठून आलं ते आधी, कारण मला ते आवडतं. व्हिएन्नाच्या मोठ्या दफनभूमीत बोल्ट्झमनच्या थडग्यावर एस इज इक्वल टू के लॉग डब्ल्यू हे सूत्र कोरलेलं आहे, ती अक्षरं एकापुढे एक वाचली की स्क्लॉग. बोल्ट्झमन गेले १९०६ मध्ये, आणि गंमत म्हणजे सूत्र ह्या रूपात लिहिलं प्लँकने. त्यातला लॉग नॅचरल आहे बरं का, बेस ई चा. दर बॅचमध्ये एक-दोन जण कॅल्क्युलेटरवर लॉग दाबतात आणि एन्ट्रॉपी २.३०३ पटीने कमी येते आणि मग तासभर चूक शोधत बसतात.

ही साइट म्हणजे फक्त ह्याच विषयाचा मोकळा विश्वकोश, त्यातही साधे द्रव, गुंतागुंतीचे द्रव, सॉफ्ट मॅटर हा मुख्य भर. हार्ड स्फिअर, स्क्वेअर वेल, लेनर्ड-जोन्स, पाण्याची वेगवेगळी मॉडेल्स, इक्वेशन्स ऑफ स्टेट, इंटिग्रल इक्वेशन्स, सिम्युलेशनच्या पद्धती. पानं बहुतेक छोटी असतात, व्याख्या, सूत्र, दोन-चार आकडे आणि बहुतेक आकड्यांपुढे मूळ पेपरची लिंक. पाठ्यपुस्तकासारखं समजावून सांगत बसत नाहीत. माझ्या मते हेच त्याचं बळ आहे, आणि नवख्या माणसाची अडचण पण तीच आहे. बळ अशासाठी की मोठ्या सर्वसाधारण विश्वकोशात लेनर्ड-जोन्सला एक लेख मिळतो, इथे ट्रंकेटेड अँड शिफ्टेडची गोष्ट वेगळी मांडायला जागा मिळते. अडचण अशासाठी की पान गृहीत धरतं की तुला हे वेगवेगळे आहेत हे माहितीय. तू पहिला आकडा उचललास, तो पूर्ण पोटेन्शियलचा होता, आणि तुझं काम कापलेल्याचं. तिथे कोणी काही चुकीचं लिहिलेलं नव्हतं.

तुझ्या गाइडचं म्हणणं मी सरळ खोडून काढणार नाही. कोणीही लिहू शकतं हे खरं आहे. पण त्यांना एक विचार, छापील पुस्तकातला आकडा घेताना तरी आपण काय करतो? ट्रंकेशन कुठलं, किती कणांवर काढला, कुठल्या वर्षी, हे बघतो का? सत्तरच्या दशकातले कितीतरी आकडे आजही पुस्तकांतून पुस्तकांत उतरवले जातात. मोकळ्या रेफरन्सवर निदान बहुतेक आकड्यांच्या पुढे लिंक असते, दाबली की मूळ पेपर. मी स्वतः नियम असा ठेवलाय की विकीवरचा आकडा थिसिसमध्ये कधीच थेट घालायचा नाही, विकीवरून पेपरवर जायचं, पेपरमध्ये तो आकडा डोळ्यांनी बघायचा, त्याच्या वरची आणि खालची ओळ वाचायची, आणि मग पेपरचं नाव द्यायचं. रेफरन्स म्हणजे गावच्या वेशीवरची पाटी. पाटी वाचून रस्ता धरायचा, पाटीलाच गाव समजून तिथे मुक्काम करायचा नाही.

अर्गनचं उदाहरण घे, तुझ्या प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत बहुतेक तू लिहिलंच असशील की लेनर्ड-जोन्स म्हणजे अर्गन. नेहमीची पॅरामीटर्स आहेत एप्सिलॉन भागिले के (बोल्ट्झमनचा स्थिरांक) बरोबर ११९.८ केल्विन, सिग्मा ३.४०५ अँगस्ट्रॉम. १.३१ ला ११९.८ ने गुणलं तर १५७ केल्विन. तुझ्या १.०८५ ला गुणलं तर १३०. खरं अर्गन १५०.७ केल्विनला क्रिटिकल होतं. म्हणजे दोन्ही चुकले, एक वरून एक खालून! पण हे चुकणं वेगवेगळ्या कारणाचं आहे. १५७ का, तर खऱ्या अर्गनमध्ये तीन कण एकत्र आले की जोड्यांच्या बेरजेपेक्षा वेगळी ऊर्जा असते, ॲक्सिलरॉड आणि टेलर यांनी १९४३ मध्ये त्याचं सूत्र दिलंय, ते लेनर्ड-जोन्समध्ये नाही, शिवाय ११९.८ हा आकडा म्हणजे दोन एकट्या अणूंमधली खरी खोली नव्हेच, सगळं मिळून बरं जमावं म्हणून बसवलेला आकडा आहे. १३० का, तर वर सांगितलं तसं, कात्री. आता समज कोणी कटऑफ मधेच कुठेतरी ठेवला आणि योगायोगाने १५० आलं, तर तो खूश होऊन लिहील की प्रयोगाशी जुळलं. हे मी परीक्षक म्हणून दोनदा बघितलंय. दोन चुका एकमेकींना खाऊन बरोबर उत्तर येणं ह्याच्याइतकं धोक्याचं ह्या धंद्यात काही नाही, कारण त्यानंतर कोणी शोधतच नाही.

ह्या सगळ्याची सुरुवात ज्यांनी केली त्या अनीसुर रहमान यांचा जन्म हैदराबादचा, हे आपल्याकडच्या पोरांना सांगितलं की डोळे चमकतात म्हणून सांगतो. १९६४ मध्ये अमेरिकेत आरगॉन नावाच्या राष्ट्रीय लॅबमध्ये त्यांनी ८६४ अर्गन अणू ९४.४ केल्विनला कॉम्प्युटरवर हलवले, द्रवाचं खऱ्या पोटेन्शियलवरचं ते पहिलं मॉलिक्युलर डायनॅमिक्स. १९६७ मध्ये व्हर्ले यांनी पण ८६४ च घेतले. ८६४ का? एफसीसी (स्फटिकाची एक नेहमीची रचना) जाळीच्या एका घरात चार अणू, सहा गुणिले सहा गुणिले सहा घरं, २१६ चोक ८६४. जुन्या पेपरांत १०८, २५६, ५००, ८६४ असे आकडे दिसतात ते सगळे ह्याच हिशोबाचे. तुझ्याकडे लॅपटॉपवर आज दहा हजार कण आरामात चालतात, तेव्हा आकाराचा परिणाम तू त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगला तपासू शकतेस आणि तपासायलाच पाहिजे.

पाण्याचं तर विचारूच नको. विकीवर पाण्याच्या मॉडेलांची पानं बघितलीस तर कळेल की सिम्युलेशनमध्ये पाणी असा एक पदार्थच नाही. टिप३पी चा बर्फ १४६ केल्विनच्या आसपास वितळतो, एसपीसी/ई चा २१५ ला, टिप४पी चा २३२ ला, माद्रिदच्या आबास्काल आणि वेगा यांनी २००५ मध्ये बसवलेल्या टिप४पी/२००५ चा २५२ ला, आणि खास बर्फासाठी बनवलेल्या टिप४पी/आइस चा २७२ ला. म्हणजे टिप३पी मध्ये प्रोटीन ठेवून कोणी २६० केल्विनला थंड करून गोठण्याचा अभ्यास करतोय म्हणाला तर त्याचं पाणी वितळणबिंदूच्या शंभर अंश वर आहे. पण ह्याचा अर्थ टिप३पी टाकाऊ असा नाही, बरीच प्रोटीनची फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं) त्याच पाण्याबरोबर बसवलेली आहेत, पाणी बदललं तर तिकडचं बिघडतं. कुठल्या कामाला कुठलं पाणी, हे मॉडेलच्या नावासकट लिहिलेल्या आकड्यांतूनच कळतं, म्हणून नुसतं पाण्याचा वितळणबिंदू असं लिहिणारा रेफरन्स मला नको, अमक्या मॉडेलचा असं लिहिणारा पाहिजे.

आता सिम्युलेशन बाजूला ठेवतो, कारण हाच प्रकार इंजिनियरिंगमध्ये पैशात मोजावा लागतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कोल्ड स्टोरेजच्या कामात मला मदतीला बोलावलं होतं. आर-१३४ए (फ्रिजमध्ये वापरतात तो गॅस) चा प्लांट, कागदावर थंडावा आणि प्रत्यक्ष थंडावा कुठेच जुळत नव्हता, काँप्रेसर विकणाऱ्याला दोष देऊन झाला होता, गॅस कमी आहे म्हणून दोनदा भरून झाला होता. कॅल्क्युलेशनची शीट मागवली तर एका टोकाची एन्थाल्पी (पदार्थाच्या उष्णतेच्या हिशोबाची राशी) एका टेबलातून आणि दुसऱ्या टोकाची दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून घेतलेली. एन्थाल्पीला स्वतःचा शून्य नसतो, आपण कुठेतरी ठरवतो. युरोपकडच्या प्रथेत म्हणजे आयआयआर मध्ये शून्य अंश सेल्सियसच्या संपृक्त द्रवाला २०० किलोज्यूल प्रति किलो धरतात आणि एन्ट्रॉपी १. अमेरिकेतल्या अॅश्रे संस्थेच्या प्रथेत उणे ४० अंशाच्या संपृक्त द्रवाला शून्य, त्यामुळे शून्य अंशाला साधारण ५२ येतं. एकच द्रव, एकच तापमान, एकीकडे २०० एकीकडे ५२. दोन्ही बरोबर, पण एकातून दुसरं वजा केलं की १४८ किलोज्यूलची हवेतली चूक, आणि आर-१३४ए ची त्या तापमानाची बाष्पीभवनाची उष्णताच २०० च्या आत आहे! एवढ्या मोठ्या चुकीचा आकडा शीटमध्ये बसलेला आणि कुणाला खटकला नाही कारण दोन्ही आकडे चांगल्या ठिकाणाहून आले होते.

म्हणून फ्री साधनं जरूर वापर. द्रवांच्या गुणधर्मांसाठी निस्टचं केमिस्ट्री वेबबुक आहे, त्यात ही प्रथा निवडायचा मेन्यूच दिलेला असतो, तिकडे बघायची सवय लाव. कूलप्रॉप आहे, ओपन सोर्स, पायथॉनमधून चालतं, त्यात पण रेफरन्स स्टेट, म्हणजे शून्य कुठे धरायचा ते, सेट करता येते. पाणी आणि वाफेसाठी आंतरराष्ट्रीय संस्थेचं १९९५ चं सूत्र फुकट मिळतं, त्यात शून्य ठेवलाय ट्रिपल पॉइंटच्या द्रवावर, २७३.१६ केल्विन आणि ६११.६५७ पास्कल. एका प्रश्नातले सगळे आकडे एकाच ठिकाणाहून घे, एवढं पाळलंस तरी निम्मे घोळ टळतात.

चिन्हांचा घोळ तर आपल्याकडे बारावीपासूनच सुरू होतो. केमिस्ट्रीच्या सरांनी शिकवलेलं असतं वायूवर केलेलं काम धन, फिजिक्सच्या सरांनी शिकवलेलं असतं वायूने केलेलं काम धन, पोरगं दोन्ही पाठ करतं आणि सीईटीत गोंधळतं. विकीचं पान वाचताना पहिल्या नियमाचं सूत्र कुठल्या चिन्हाने लिहिलंय ते आधी बघ, बाकीचं पान त्यावर अवलंबून असतं.

आता मुख्य काम, स्वतःचा कोड तपासायचा कसा, म्हणजे मित्राला उत्तर देता येईल. मी पोरांना थेट लेनर्ड-जोन्सच्या क्रिटिकल पॉइंटवर जाऊच देत नाही, तिथे आकाराचा परिणाम, कटऑफ, आकडेवारीची चूक सगळं एकदम अंगावर येतं. आधी असं काहीतरी घ्यायचं जिथे उत्तर शंभर टक्के माहीत आहे. दोन मितीतलं आयसिंग मॉडेल (जाळीच्या प्रत्येक बिंदूवर वर किंवा खाली असा एक स्पिन) घे, ऑन्सागरने १९४४ मध्ये अचूक सोडवलंय, क्रिटिकल टेम्परेचर २.२६९१८५, आणि त्या तापमानाला प्रत्येक स्पिनमागे ऊर्जा बरोबर उणे वर्गमूळ दोन. त्याहूनही आधी चार बाय चारची जाळी घे, तिच्या एकूण अवस्था फक्त ६५,५३६, सगळ्या मोजून सरासरी काढ आणि मेट्रोपोलिसच्या (माँटे कार्लोची नेहमीची रीत) कोडशी जुळव. इथे चौथ्या दशांशापर्यंत जुळलं नाही तर पुढे जायचंच नाही. माझ्याकडे एक हुशार मुलगा होता, त्याचा कोड मोठ्या जाळीवर एकदम छान दिसायचा, चार बाय चारवर तिसऱ्या दशांशात चुकायचा. शोधता शोधता सापडलं की चाल नाकारली गेली की तो जुनी अवस्था सरासरीत परत धरत नव्हता. मोठ्या जाळीवर तो फरक गोंगाटात बुडून जात होता.

मग हार्ड स्फिअर, म्हणजे नुसते टणक गोळे. इथे तापमान नाही, कटऑफ नाही, शेपटी नाही, त्यामुळे लपायला जागा नाही. कार्नाहन-स्टार्लिंगचं १९६९ चं सूत्र विकीवर आहे, हाताने करता येतं. गोळ्यांनी व्यापलेला भाग ०.१ असेल तर कॉम्प्रेसिबिलिटी फॅक्टर (दाब आदर्श वायूच्या किती पट) १.५२१, आणि गोठायच्या उंबरठ्यावर ०.४९४ ला १२.५. ०.४९४ आणि ०.५४५ हे द्रव आणि स्फटिक एकत्र राहण्याचे आकडे हूवर आणि री यांचे, १९६८ चे. नुसते टणक गोळे, जराही आकर्षण नाही, तरी स्फटिक बनतो, आल्डर आणि वेनराइट यांनी १९५७ ला हे दाखवलं तेव्हा पुष्कळ मोठ्या लोकांना पटलं नव्हतं. मला आजही हा ह्या विषयातला सगळ्यात सुंदर निकाल वाटतो, एन्ट्रॉपीनेच शिस्त लावली!

त्यानंतर लेनर्ड-जोन्स. दोनच कण ठेव, १.१२२५ वर ऊर्जा उणे एक येते का बघ. मग पातळ वायू घे, तापमान ३.४१८ म्हणजे बॉइल (Boyle) टेम्परेचर, तिथे दुसरा व्हिरियल कोएफिशंट (आदर्श वायूपासूनच्या फरकाचं पहिलं पद) शून्य असतो म्हणून दाब आदर्श वायूच्या अगदी जवळ यायला पाहिजे, पण लक्षात ठेव, हा ३.४१८ पूर्ण पोटेन्शियलचा आहे, कापलंस तर तो पण खाली सरकतो. किती सरकतो ते तू साधं इंटिग्रेशन करून काढू शकतेस, वीस ओळींचा पायथॉन आहे, आणि ते केलंस की कटऑफचा विषय तुला पुस्तकाविना समजेल.

थर्मोस्टॅटचं, म्हणजे सिम्युलेशनमध्ये तापमान ठरलेलं ठेवणाऱ्या रीतीचं, एक वाक्य. १९८४ चा बेरेंडसेनचा थर्मोस्टॅट तापमान छान ठेवतो पण ऊर्जेचे चढउतार दाबून टाकतो, त्यामुळे चढउतारांवरून उष्णताधारकता काढली तर उत्तर चुकीचं. नोझे-हूवर किंवा बुसी आणि सहकाऱ्यांचा २००७ चा वापर.

विकीत भर घालायची का, हा तुझा शेवटचा प्रश्न होता. घाल. असल्या छोट्या विषयाच्या मोकळ्या साइट मूठभर लोकांच्या जिवावर चालतात, सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी लिहिणारे, आणि वाचणारे हजारो असून एक स्वल्पविराम पण दुरुस्त करत नाहीत. लिहायला प्राध्यापक असावं लागत नाही. पण स्वतःच्या लॅपटॉपवरचा न छापलेला आकडा तिथे टाकू नको, त्याची ती जागा नव्हे. तू जिथे अडकलीस ती जागा दुरुस्त कर. क्रिटिकल पॉइंटचे आकडे दिसतात तिथे प्रत्येकापुढे कटऑफ किती, शिफ्ट आहे का, टेल करेक्शन आहे का, एमडी की माँटे कार्लो, हे चार शब्द मूळ पेपर बघून लिहिलेस तरी पुढच्या कुणाचे तरी दोन महिने वाचतील. बदल करण्याआधी चर्चेच्या पानावर एक ओळ टाक की मी असं करतेय. आणि इंग्रजीची धास्ती घेऊ नको, अशा पानांवर वाक्यं साधीच असतात, सूत्र आणि आकडा नीट असला की झालं. मराठीत लिहायची हौस असेल तर तीही कर, विश्वकोशात ऊष्मागतिकीवर चांगलं लिहिलेलं आहे, ते ऑनलाइन फुकट वाचता येतं, पण कॉम्प्युटर सिम्युलेशनच्या बाजूने मराठीत लिहिणारे फारच कमी.

तुझ्या रनबद्दल दोन गोष्टी, मग थांबतो. क्रिटिकल पॉइंटच्या फार जवळचे बिंदू फिटमध्ये घेऊ नको, तिथे द्रव आणि वाफेमधली सीमा इतकी पसरट होते की मधला पट्टा आणि बाजूची वाफ वेगळी करताच येत नाही, आणि बॉक्स लहान असेल तर तापमान खोटंच जास्त दिसतं. ०.७० ते १.०० पर्यंतचे बिंदू घे, घनतांचा फरक ०.३२६ ह्या घातांकाने आणि घनतांची सरासरी सरळ रेषेने फिट कर, मग बॉक्सची रुंदी दीडपट करून परत बघ. आणि ह्या लांबट बॉक्सच्या पद्धतीत टेल करेक्शन लावून १.३१ मिळवायचा प्रयत्न करू नको, ते करेक्शन धरून चालतं की सगळीकडे घनता सारखी आहे आणि तुझ्या बॉक्समध्ये ती सारखी नाहीच. पूर्ण पोटेन्शियलचा आकडा पाहिजेच असेल तर कटऑफ ३, ४, ५ असा वाढवत ने, आकडा १.०८ वरून कसा वर चढत जातो त्याचा आलेख काढ. तो एक आलेख प्रोजेक्टमध्ये लावलास तर गाइड आणि मित्र दोघांचंही समाधान होईल. अडलं तर इनपुट फाईल इथेच टाक, पेअर मॉडिफायची (शिफ्ट किंवा टेल लावायची आज्ञा) ओळ असेल तर तिच्यासकट.